लाल काड्या आल्या, आसं लिव

आत्याबाई, परवा मी बेलापूरला जाऊन आले. रस्त्यावरून आपली वस्ती आता दिसत नाही, मध्ये सगळा ऊस उभा आहे. एसटीतून उतरून पाटाच्या कडेनं चालत गेले. गुडघे कुरकुरतात. मी सत्तरी ओलांडली, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा होतात त्याहून कितीतरी म्हातारी झाले, हे माझ्या ध्यानातच येत नाही. तुमच्यापुढे उभी राहिले तर अजून पदर सावरेन. रानाच्या खालच्या टोकाचं आपलं खारवट चोपण कुणीतरी चर खणून सुधारलंय, तिथंही ऊसच आहे. शेजारच्या रानात मात्र गव्हाच्या पेरणीआधीची ओलवणी चालली होती, आणि भिजलेल्या काळ्या ढेकळांत पाच-सहा लाल काड्या चोची खुपसत उभ्या होत्या. पाणी धरणारा गडी मोबाईलवर बोलत होता. त्याला त्यांच्याशी घेणं नव्हतं आणि त्यांना त्याच्याशी. मी बांधावर बराच वेळ उभी राहिले. आल्या बघा, असं म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.

लग्न होऊन तुमची सून म्हणून आले ते सत्तर सालच्या उन्हाळ्यात. मी राजूरकडची. आमच्याकडे चार महिने पाऊस, भाताची खाचरं, दारातून बाहेर पाहिलं की डोंगर. तुमच्याकडे सगळं सपाट. पहिले कित्येक दिवस मला वाटायचं की इथं पाठ टेकायलाच काही नाही. हे लष्करातले, दोन महिन्यांची रजा घेऊन लग्नाला आलेले. रजा संपली, हे गेले, आणि त्या वस्तीवर तुम्ही आणि मी अशा दोघीच राहिलो. मामंजींना जाऊन अठरा वर्षं झाली होती. तुम्ही एकट्यानं रान सांभाळलं होतं, आणि एकट्यानं राहणारं माणूस जितकं बोलतं तितकंच तुम्ही बोलायचात. मी अकरावी झालेली, बोलायची सवय असलेली मुलगी. दिवसभरात दहा वाक्यं झाली तर खूप. एकदा चुलीपुढे बसून मी रडत होते आणि तुम्ही सरपण घेऊन आत आलात.

"धूर लागला व्हय?"

"व्हय."

"मंग चूल फुकायला शिक."

एवढंच. सरपण ठेवलंत आणि निघून गेलात. मला तुमचा इतका राग आला की रडू थांबलं.

पाटाला पाणी सुटलं की मात्र तुम्ही वेगळ्या व्हायचात. भंडारदऱ्याच्या धरणातून निघालेलं ते पाणी, राजूरच्या अंगानं येऊन शेवटी आपल्या वाफ्यात शिरणारं. पहाटे तुम्ही मला हलवून उठवायचात, "ऊठ, तुज्या म्हायेरचं पानी आलं." मला त्या पाण्यात आधी पाय घालू द्यायचात, मग दारं धरायला लावायचात. एक वाफा भरला की खोऱ्यानं त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. पाण्याच्या पुढं पळायचं नाही, मागं राहायचं नाही. ही चाल मला तुम्ही शिकवलीत, आणि त्यातच पक्षी बघायला शिकवलंत.

खालचं ते चोपण. पाटाचं पाणी झिरपून झिरपून जमीन खारवलेली, वर पांढरी भुकटी आणि खाली चिखल. एकरभर तुकडा, त्यात काही पिकत नव्हतं. भावकीतले लोक हसायचे, वाया गेलं म्हणायचे. पहिल्या वर्षी, दिवाळीच्या आधी, वरचं रान भिजवून आपण खाली आलो तर त्या चिखलात ओंजळभर दाणे फेकल्यासारखे पक्षी पसरलेले. मी थबकले. तुम्ही म्हणालात, "थांबू नगं. बघायचं न्हाई त्येंच्याकडं. आपलं काम करायचं. मंग त्येच येत्यात जवळ." आणि खरंच आले. काळ्या पंखांचे, पांढऱ्या पोटाचे, लालभडक लांब पायांवर तोल सावरत चालणारे, त्यांना तुम्ही लाल काड्या म्हणायचात. लांब चोच चिखलात डोळ्यापर्यंत खुपसणारे ते दाभणे. आणि ते बारके, दगडावर उभे राहून मागचा भाग सारखा वरखाली करणारे. त्यांचं नाव विचारलं तर तुम्ही तोंडाला पदर लावलात. "बूडहाल्या," म्हणालात. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले, आणि तुम्हाला हसताना पाहिलं.

"कुठनं येत्यात?" मी विचारलं.

"कुनाला ठावं. लांबनं. बाप गेला तवा ह्यो चार वर्साचा हुता. त्याला काकंत घिऊन हितं बसायची. त्यो समद्यास्नी वळखायचा."

'ह्यो' म्हणजे हे. मी त्यांच्याबरोबर दोन महिने राहिले होते, आणि त्यांना पक्षी ओळखू येतात हे मला माहीत नव्हतं.

तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी येण्याआधी पोस्टमन पत्र लिहून द्यायचा, आता ते काम माझ्याकडे आलं. महिन्यातून एकदा आंतरदेशीय पत्र घेऊन मी ओट्यावर बसायची आणि तुम्ही समोर भिंतीला टेकून सांगायचात. तुमच्या पत्रात माया, आठवण असले शब्द नसायचे. "लाल काड्या आल्या, आसं लिव. गव्हाला दुसरं पानी झालं. म्हस आटली." हे उत्तरात लिहायचे, 'लाल काड्या किती? दाभणे आले का?' एवढ्या लांब, बर्फात उभं राहून. पत्र झालं की मी ते वाचून दाखवायची, तुम्ही मान हलवायचात, आणि तव्याच्या काजळीत अंगठा बुडवून खाली ठसा उमटवायचात. माझं पत्र वेगळं नसायचं. तुमच्याच पत्राच्या कडेला मी दोन ओळी घालायची. नव्या नवरीनं वेगळं पत्र लिहावं तर पोस्टमनच्या हातात द्यायलाही लाज.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. एकाहत्तरचा पोळा होऊन आठवडा झाला होता. मी दोन दिवस नीट जेवले नव्हते, कारण काही नव्हतं, नुसतं सगळं अंगावर आलं होतं. तुम्ही काही विचारलं नाहीत. पण पत्र सांगताना म्हशीचं झालं, बाजरीचं झालं, चोपणात पहिले बूडहाले आले ते झालं, आणि मग तुम्ही थांबलात. माझ्याकडे न पाहता म्हणालात, "आनि लिव, पोरीला हितं करमत न्हाई. रजा काढून दिवाळीच्या आदी यून जा. आईचं म्हननं हाय म्हनावं."

मी ते लिहिलं नाही, आत्याबाई.

का नाही लिहिलं ते मी आयुष्यभर स्वतःला निरनिराळ्या तऱ्हेनं सांगत आले. माहेरी शिकवलं होतं, सासरचं गाऱ्हाणं कागदावर आणू नये. ह्यांच्या आधीच्या पत्रात होतं, 'तू आईपाशी आहेस म्हणून मला काळजी नाही.' मग करमत नाही असं कसं लिहायचं? पण खरं म्हणजे तुम्ही माझं दुःख ओळखलंत, त्याचीच मला चीड आली होती. चूल फुंकायला शिक म्हणणाऱ्या बाईनं आता माझ्यासाठी पदर पसरायची गरज नाही, असं काहीतरी माझ्या मनात होतं. वीस वर्षांची होते. त्या जागी मी लिहिलं, 'इकडे सर्व ठीक आहे, काळजी करू नये.' वाचून दाखवताना मात्र तुम्ही सांगितलं होतं ते म्हणून दाखवलं, जसंच्या तसं. तुम्ही मान हलवलीत आणि अंगठा उमटवलात.

दिवाळी आली आणि गेली. हे आले नाहीत. मग लढाई सुरू झाली. गावातल्या रेडिओपाशी माणसं जमायची, आपण दोघी जायचो नाही. गव्हाला पाणी चाललं होतं. लढाई थांबल्याची बातमी आली तेव्हा तुम्ही देवापुढे साखर ठेवलीत. त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, मी खालच्या वाफ्याला आणि तुम्ही वरच्या, आणि बांधावरून पोस्टमन सायकल हातात धरून येताना दिसला. पोस्टमन सायकल हातात धरून का चालतोय, असं मला वाटलं, एवढं आठवतं. त्याच्यामागं गावचे पाटील होते. चोपणातले सगळे पक्षी एकदम उठले. तारेत काय होतं ते पाटलांनी सांगितलं. मी खोरं टाकलं आणि चिखलातच बसले, माझ्या तोंडून कसला आवाज निघत होता मला माहीत नाही. भरलेला वाफा फुटून पाणी बांधावरून वाहायला लागलं होतं. तुम्ही तशाच उभ्या. मग चालत आलात, खोरं उचललंत आणि माझ्या हातात दिलंत.

"धर. पान्याची पाळी सरंल."

पाटील म्हणाले, "वहिनी, राहू द्या आज." तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आपण दोघींनी उरलेले वाफे भिजवले. अकरा होते. लोक बांधावर उभं राहून आपल्याकडे बघत होते. त्या एका सकाळीसाठी मी तुम्हाला फार वर्षं माफ केलं नाही. पुढे मी स्वतः एकटी राहायला लागले तेव्हा कळलं की हाताला काम नसतं तर तुम्ही त्या बांधावरच कोसळला असतात.

तेराव्यानंतर माझा थोरला भाऊ न्यायला आला. भावकी म्हणाली, सून कशाला पाठवता. तुम्ही म्हणालात, "तिला इचारा." मी राहते म्हणाले. सगळ्यांनी वाखाणलं, सून असावी तर अशी, म्हातारीला सोडून गेली नाही. मी मान खाली घालून ऐकत होते. त्या पत्रामुळे माझे पाय त्या घराबाहेर निघत नव्हते, हे मी कुणाला सांगणार? रजा मिळाली असती का, मिळाली असती तरी पुढची लढाई टळली असती का, मला माहीत नाही. पुढे कुणीतरी म्हणालं की त्या सुमाराला सगळ्यांच्याच रजा बंद झाल्या होत्या. असेल. पण निदान दिवाळीचे आठ दिवस आईनं मुलाला पाहिलं असतं.

मग बहात्तरचं साल. पाऊस आलाच नाही. पाटाला पाणी सुटेना, विहिरीचा तळ दिसला, म्हैस चाऱ्याअभावी छावणीत नेऊन बांधली. आपण दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो, भावकीतल्या बायकाही तिथंच होत्या, कुणी कुणाला हसण्याजोगं उरलं नव्हतं. चोपण पार वाळलं. नुसती पांढरी खार, दुपारच्या उन्हात चकाकणारी. आणि कार्तिकात एक दिवस कामावरून येताना आपण पाहिलं, वरून थवा आला. दोन घिरट्या घातल्या आणि खाली उतरला. वरून त्यांना ते पाणी वाटलं असणार. लाल काड्या त्या पांढऱ्या खारेवर उतरल्या, चार पावलं चालल्या, चोच लावली. पुन्हा चालल्या. एक तर बराच वेळ एका पायावर उभीच राहिली. मग सगळ्या उठल्या आणि प्रवरेच्या दिशेनं गेल्या, तिथंही पाणी नव्हतं.

तुम्ही डोक्यावरची पाटी खाली ठेवलीत. म्हणालात, "त्येची पेटी काढ उद्या."

लष्करातून आलेली ती काळी ट्रंक सहा महिने बाजेखाली तशीच होती. दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती. मी कुलूप काढलं. कपडे, एक लोकरी मफलर, दाढीचं सामान, आणि सुतळीनं बांधलेली आपली पत्रं. सगळी ठेवली होती त्यांनी, तारखेवार. तुम्ही ओट्यावर भिंतीला टेकून बसलात आणि म्हणालात, वाच. मी पहिल्यापासून वाचायला लागले. लाल काड्या आल्या. गव्हाला दुसरं पाणी झालं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. प्रत्येक पत्र मला पुढच्याच्या जवळ नेत होतं. ते हातात आलं तेव्हा मी एकदा थांबले, खोकले. कागदावर माझ्या अक्षरात होतं, 'इकडे सर्व ठीक आहे, काळजी करू नये.' खाली तुमचा अंगठा.

मी वाचलं, "पोरीला इथं करमत नाही. रजा काढून दिवाळीच्या आधी येऊन जा. आईचं म्हणणं आहे."

तुम्ही डोळे उघडलेत. "लिवलं हुतंस तू ह्ये."

"व्हय."

"म्हंजी त्याला पोचलं हुतं."

पत्र ट्रंकेतूनच निघालं होतं, पोचलं नव्हतं असं कसं म्हणणार?

"तरी आला न्हाई," तुम्ही म्हणालात. रागानं नाही. एखादी वस्तू कुठं ठेवली होती ते आठवावं तसं. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. कागद पुढं करून म्हणता आलं असतं की हे यात नाही, त्यांना कधी कळलंच नाही. मी पुढचं पत्र उघडलं.

आठवड्यानं तुम्ही मला समोर बसवलंत. तुम्ही इतकं लांबलचक बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. "तू हितं कशापायी बसलीस? ज्याला बलावलं त्यो आला न्हाई. त्याच्यापायी जलम घालवू नगं. शिकल्याली हायस, मास्तरीन हो. भावकीचं मी बघती. मला आडवायला कोन येतंय त्ये बघती." आणि बघितलंतही. नगरच्या अध्यापिका विद्यालयात मला पोचवायला तुम्ही स्वतः आलात, एसटीत खिडकीशी बसून, पदर घट्ट धरून. फाटकाशी मी पाया पडले तर म्हणालात, "जा आत. मागं बघू नगं." ह्यांचा मफलर तुम्ही माझ्या पिशवीत घातला होता, तो मला रात्री सापडला.

म्हणजे माझी नोकरी, माझी एकोणतीस वर्षांची शाळा, माझ्या हाताखालून गेलेली मुलं, हे सगळं मी न लिहिलेल्या त्या एका ओळीवर उभं आहे. मुलाला निरोप पोचूनही तो आला नाही, असं समजलात म्हणूनच तुम्ही मला सोडलंत. आणि तुम्ही ते समजूनच जगलात. आधी चोपणाकडे जाताना म्हणायचात, त्यो चार वर्साचा हुता तवा ह्येला असं म्हनायचा, त्येला तसं म्हनायचा. त्यानंतर मी प्रत्येक सुट्टीत आले, पुढल्या वर्षी पाऊस झाला, चोपण भरलं, लाल काड्या आल्या. पण 'त्यो' हा शब्द मी तुमच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

शाळेच्या कपाटात मला एक पक्ष्यांचं पुस्तक सापडलं होतं. लाल काडी म्हणजे शेकाट्या, बूडहाल्या म्हणजे तुतारी, दाभण्या म्हणजे पाणटिवळा. त्यातले कितीतरी हिमालयापलीकडून, बर्फाच्या मुलखातून येतात, असं लिहिलं होतं. ते तुम्हाला सांगायला एका नाताळच्या सुट्टीत आले. आपण दोघी बांधावर उभ्या होतो. सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्येच की. लांबनं." तुम्ही थकल्या होतात, काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या. मी मनाशी म्हटलं, आज. आज नाही तर नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, ते पत्र..."

तुम्ही हात वर केलात. "हळू. उडतील."

पक्षी लांब होते, आत्याबाई. माझ्या बोलण्यानं उडण्याइतके जवळ नव्हते. तुम्हाला माहीत होतं का? की खरोखरच नुसतं पक्ष्यांसाठी म्हणालात? मी त्यावर किती विचार केला असेल. पण त्या वेळी मला जे वाटलं ते सुटल्यासारखं वाटलं, हेच खरं. मी तोंड मिटलं. ते पुन्हा उघडायची वेळ आली नाही. पुढच्या हिवाळ्यात निरोप आला तेव्हा मी शाळेच्या परीक्षेत होते. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, भावकीतल्या बायका ओटा धूत होत्या.

परवा बांधावरून परतताना ठरवलं होतं की हे सगळं लिहायचं, आणि पुढच्या आठवड्यात तिथं नेऊन, कुणी नसेल अशा वेळी, मोठ्यानं वाचायचं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मग पत्र पोचवायची दुसरी रीत कुठली? आता लिहून झालं आहे. आणि मी जाणार नाही. तुम्हाला वाचून दाखवताना कागदावर आहे तेच मी वाचेन, याची मला अजूनही खात्री नाही.